रास्त वेतन आणि स्पर्धाक्षमता : दोन्ही सांभाळणारी वेतनरचना कशी उभारावी

पगार वाढवला तर मालाचा दर वाढवावा लागेल, दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल आणि गिऱ्हाईक गेले तर ज्याच्यासाठी पगार वाढवला त्याचीच नोकरी जाईल, अशी साखळी वेतनाच्या प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी मांडतोच. या साखळीतली प्रत्येक कडी काही वेळा खरी असते, पण कोणतीच कडी आपोआप खरी होत नाही. आपल्या उद्योगात ती नेमकी कुठे खरी ठरते, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही, आणि माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी हा हिशेब कधी मांडलेलाच नसतो. एका बाजूला भीती असते, दुसऱ्या बाजूला संताप असतो आणि मधल्या टेबलावर कागद कोराच असतो.

तो कागद भरायचा कसा, हे या लेखात सांगायचे आहे. काही डझन ते काही शे माणसे कामाला असलेल्या उद्योगाचे मालक, व्यवस्थापक, वेतन विभागातले कर्मचारी आणि कामगारांचे प्रतिनिधी या सर्वांना तो वापरता यावा अशी माझी इच्छा आहे. उदाहरणांतले आकडे कोणत्याही चलनातले नाहीत, ते केवळ प्रमाण दाखवण्यासाठी घेतले आहेत; त्यांच्या जागी आपले आकडे घालून गणित पुन्हा करावे. माझी भूमिका मात्र आधीच सांगतो. कायद्याने दिलेले वेतनाचे संरक्षण ही जमीन आहे आणि स्पर्धा तिच्यावर उभे राहून करायची असते. जो उद्योग या जमिनीखाली जाऊन माल स्वस्त करतो, त्याचा खर्च प्रत्यक्षात कमी झालेला नसतो, तो कामगाराच्या घरावर ढकललेला असतो.

हा समतोल काही नवा विचार नाही. किमान वेतन ठरवण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १३१ क्रमांकाचा करार १९७० सालचा आहे, आणि त्यात दोन्ही बाजू शेजारी शेजारी लिहिल्या आहेत : एकीकडे कामगाराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या गरजा, देशातील वेतनाची सर्वसाधारण पातळी आणि राहणीचा खर्च, तर दुसरीकडे आर्थिक विकास, उत्पादकता आणि रोजगाराची पातळी टिकवण्याची निकड. सरकारांनी देशपातळीवर जे तोलायचे, तेच आपल्याला कारखान्याच्या पातळीवर तोलायचे आहे.

पायरी १ : आधी जमीन तपासा

वेतनवाढीची चर्चा सुरू करण्यापूर्वी, आज जे द्यायला आपण कायद्याने बांधलेलो आहोत ते खरोखर पूर्ण दिले जाते का, हे तपासावे. ‘आम्ही किमान वेतनापेक्षा जास्तच देतो’ असे सांगणारे अनेक उद्योग या तपासणीत नापास होतात, आणि तेही बहुधा लबाडीमुळे नव्हे, तर हजेरीपट आणि पगारपत्रक यांच्यातल्या फटींमुळे. तपासणीसाठी मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रके घ्यावीत, प्रत्येक विभागातून काही नावे कोणताही क्रम न लावता निवडावीत आणि प्रत्येकाचे प्रत्यक्ष मिळालेले वेतन प्रत्यक्ष केलेल्या तासांनी भागावे. महिन्याचा पगार ठीक दिसतो आणि तासाचा दर किमान पातळीच्या खाली जातो, असे प्रकार येथेच उघडे पडतात. भत्ते, गणवेशाची कपात, राहण्या-जेवण्याची कपात, उशिराचा दंड यांतले काय किमान वेतनात धरता येते आणि काय धरता येत नाही, हे प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळे असते, म्हणून ते आपल्या कायद्याच्या मजकुरातूनच पाहावे. शेजारच्या कारखान्यात काय चालते त्यावरून नव्हे. वेतन नियमितपणे, थेट कामगाराच्या हाती आणि मर्यादित कपातींनंतरच पडले पाहिजे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच वेतन संरक्षणासंबंधीच्या १९४९ च्या ९५ क्रमांकाच्या करारात आहे आणि बहुतेक देशांच्या कायद्यांत त्याचे प्रतिबिंब दिसते.

वेतन विभागात काम करत असतानाचा एक प्रसंग मला अजून आठवतो. पॅकिंगवर काम करणाऱ्या एक वयस्कर बाई पगाराच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी आल्या. त्यांच्या हातात एक लहानशी वही होती, आणि तिच्यात रोजच्या तारखेपुढे पेन्सिलीने बारीक रेघा मारलेल्या होत्या. “साहेब, माझ्या वहीत आठ तास जास्त येतात,” त्या म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, “ताई, वही जरा दाखवता का?” एक रेघ म्हणजे पाळी संपल्यावर थांबलेली दहा मिनिटे. रोज दोन रेघा, महिन्यात चोवीस दिवस. आमच्या यंत्रणेत अर्ध्या तासापेक्षा कमी ओव्हरटाइम धरलाच जात नव्हता, त्यामुळे रोजची वीस मिनिटे गळत होती, आणि चोवीस दिवसांची वीस वीस मिनिटे म्हणजे बरोबर आठ तास, म्हणजे एक पूर्ण दिवस. त्यांच्या विभागातील प्रत्येकाचा दर महिन्याला एक दिवस असा फुकट जात होता आणि तो कोणी ठरवून घेतला नव्हता. कोणीतरी कधीतरी यंत्रात एक नियम टाकला होता, एवढेच. थकबाकी चुकती करायला वेळ लागला, पण पुढच्या वर्षीच्या वेतन करारात जो विश्वास उपयोगी पडला तो त्या दुरुस्तीतून आला, असे मी आजही मानतो.

म्हणून या पायरीवर वेळ मोजण्याची पद्धत विशेष बारकाईने पाहावी : कपडे बदलण्याचा वेळ, यंत्र सुरू होण्याआधीची साफसफाई, पाळी सोपवतानाची थांबणूक, माल येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ. तफावत सापडली तर ती आधी भरून द्यावी आणि मगच वाढीच्या चर्चेला बसावे.

पायरी २ : तासाच्या मजुरीऐवजी चांगल्या नगामागचा खर्च काढा

स्पर्धाक्षमतेची चर्चा बहुतेक वेळा तासाच्या मजुरीवर अडकते, कारण तो आकडा समोर दिसतो. गिऱ्हाईक मात्र तास विकत घेत नाही. तो चांगला, वेळेवर पोहोचलेला नग विकत घेतो. त्यामुळे तुलना करायची ती चांगल्या नगामागे पडणाऱ्या खर्चाची.

एकच वस्तू बनवणारे दोन कारखाने समजा. पहिल्यात एका कामगाराचा तासाचा खर्च १०० आहे, तासाला २० नग होतात आणि त्यातले ३ तपासणीत बाद होतात. दुसऱ्यात तासाचा खर्च ११५ आहे, २२ नग होतात आणि १ बाद होतो. पहिल्याच्या चांगल्या नगाला मजुरी पडते १०० भागिले १७, म्हणजे ५.८८, दुसऱ्याच्या नगाला ११५ भागिले २१, म्हणजे ५.४८. पंधरा टक्के जास्त पगार देणारा कारखाना मजुरीतच स्वस्त पडला. बाद नगातला कच्चा माल प्रत्येकी ८ चा धरला आणि तो वाया गेला असे मानले, तर पहिल्याचा खर्च १२४ भागिले १७, म्हणजे ७.२९ होतो आणि दुसऱ्याचा १२३ भागिले २१, म्हणजे ५.८६. अंतर आणखी वाढले.

या गणितावरून ‘पगार वाढवा, उत्पादन आपोआप वाढेल’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. दुसऱ्या कारखान्यात बाद नग कमी का आहेत, याचे उत्तर चांगल्या साच्यात, यंत्राच्या देखभालीत, वेळेवर येणाऱ्या कच्च्या मालात किंवा टिकून राहिलेल्या अनुभवी हातांत असू शकते. पगाराचा वाटा त्या शेवटच्या कारणात मोठा असतो, बाकीच्यांत थोडा. म्हणून प्रत्येक विभागात एक आठवडा साधी नोंदवही ठेवावी : यंत्र किती मिनिटे बंद होते आणि का, किती नग पुन्हा दुरुस्तीला गेले, माल नसल्यामुळे किती वेळ हात रिकामे राहिले. कामगाराच्या हातात नसलेल्या कारणांनी दिवसाचा तासभर वाया जात असेल, तर आठ तासांच्या पाळीत साडेबारा टक्के मजुरी तिथेच बुडते, आणि एवढी रक्कम वाचवण्यासाठी कोणाच्याही पगाराला हात लावावा लागत नाही. वेतनवाढीचा पैसा कुठून आणायचा या प्रश्नाचे पहिले उत्तर मला नेहमी याच नोंदवहीत सापडले आहे.

पायरी ३ : सोडून जाणाऱ्यांचा खर्च कागदावर आणा

कामगार सोडून जातो तेव्हा होणारा खर्च कोणत्याही एका खात्यात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजले जाते. तो दिवसांच्या पगारात मोजावा. नवी भरती, कागदपत्रे आणि तपासण्या यांत ३ दिवसांचा पगार जातो असे धरू. शिकवणारा अनुभवी माणूस दहा दिवस अर्धा वेळ अडकतो आणि त्याचा पगार जास्त असल्याने ते ७ दिवसांच्या पगाराइतके पडते. नवा माणूस पहिल्या ४८ कामाच्या दिवसांत सरासरी सत्तर टक्केच उत्पादन देतो, म्हणजे सुमारे १४ दिवस बुडतात. जास्तीचे भंगार आणि दुरुस्ती ४ दिवसांची. एकूण २८ दिवसांचा पगार.

शंभर माणसांच्या कारखान्यात वर्षाला चाळीस जण सोडून जात असतील, तर हा खर्च १,१२० दिवसांच्या पगाराइतका होतो. वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर एकूण पगारबिल ३०,००० दिवसांचे. म्हणजे जवळजवळ पावणेचार टक्के रक्कम केवळ माणसे बदलण्यात जाते. आता समजा पाच टक्के वाढ दिल्याने सोडून जाणारे निम्मे झाले. बचत ५६० दिवसांची, म्हणजे सुमारे १.९ टक्के. वाढीचा खर्च पाच टक्के, त्यातले १.९ परत आले, ३.१ टक्के उरले, आणि ते दुसऱ्या पायरीतल्या सुधारणांमधून, दरातून किंवा नफ्यातून यावे लागतील. वेतनवाढ स्वतःचा पूर्ण खर्च नेहमी भरून काढते, असे जे आश्वासन कधी कधी दिले जाते ते मला पटत नाही. ती बराचसा खर्च भरून काढते आणि उरलेला किती आहे हे आधीच माहीत असले तर निर्णय धीराने घेता येतो.

मजुरी वाढवून गळती थांबल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्याचे आहे. १९१३ साली तेथे कामगार बदलण्याचे प्रमाण वर्षाला ३७० टक्क्यांवर गेले होते, म्हणजे शंभर जागांमागे वर्षभरात ३७० माणसे बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये दिवस नऊ तासांवरून आठ तासांचा झाला आणि पात्र कामगारांचे दिवसाचे उत्पन्न २.३४ डॉलरच्या जागी ५ डॉलर झाले. त्या वर्षी कामगार बदलण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांवर आले. पण या उदाहरणाचा दुसरा भागही सांगायला हवा. त्या पाच डॉलरांतला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून दिला जाई आणि तो मिळावा यासाठी कंपनीची माणसे कामगारांच्या घरी जाऊन त्यांचे राहणीमान, व्यसने आणि बचत तपासत. पगार वाढवला म्हणून कामगाराच्या खासगी आयुष्यावर हक्क सांगणे हे रास्त वेतनाच्या कल्पनेतच बसत नाही, त्यामुळे हा भाग कोणी अनुकरणासाठी घेऊ नये.

पायरी ४ : वाढीचा विक्रीच्या दरावर किती भार पडतो ते मोजा

गणित सोपे आहे आणि ते न करताच भीती पसरते. एकूण खर्चात मजुरीचा वाटा वीस टक्के असेल, तर मजुरीत दहा टक्के वाढ झाल्याने एकूण खर्च दोन टक्क्यांनी वाढतो. मजुरीचा वाटा साठ टक्के असेल, जसा सफाई, सुरक्षा किंवा रुग्णसेवा यांसारख्या माणसांवर चालणाऱ्या सेवांत असू शकतो, तर तीच वाढ सहा टक्के होते. पहिला उद्योग ती पचवू शकतो. दुसऱ्याला गिऱ्हाइकाशी दर पुन्हा ठरवावेच लागतात, म्हणून अशा सेवांच्या करारात किमान वेतन बदलल्यास दर त्या प्रमाणात बदलेल असे कलम सुरुवातीलाच घालून घ्यावे. कलम नसताना तोट्यातला करार ओढत नेणारा ठेकेदार शेवटी कामगाराच्या पगारातूनच तो तोटा काढतो.

स्पर्धक कोण, हेही येथे पाहावे. सर्व स्पर्धक त्याच कायद्याखाली असतील तर किमान वेतनातली वाढ सर्वांनाच लागू होते आणि कोणाचीच तुलनात्मक जागा फारशी हलत नाही. स्पर्धक दुसऱ्या देशातला असेल तर मात्र मजुरीच्या आकड्यावर त्याच्याशी लढणे व्यर्थ आहे. तेथे जलद पुरवठा, लहान ऑर्डर घेण्याची तयारी, दर्जाची खात्री आणि दुरुस्तीची सेवा यांवरच उभे राहावे लागते.

किमान वेतन वाढल्याने रोजगार घटतो का, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांची तुलना केली, तेव्हा न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना दिसले नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेगळ्या आकडेवारीच्या आधारे आव्हान दिले, आणि कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तरी वाद संपलेला नाही. जर्मनीने २०१५ मध्ये तासाला ८.५० युरो असे देशव्यापी किमान वेतन प्रथमच लागू केले. त्यानंतरच्या अभ्यासांत कमी पगाराचे कामगार लहान, कमी उत्पादक आस्थापनांकडून अधिक उत्पादक आस्थापनांकडे सरकल्याचे आढळले. व्यवस्थापकाने यातून घ्यायचे ते इतकेच की मध्यम प्रमाणातली, आधी जाहीर झालेली वाढ उद्योग सहसा पेलतात, आणि जो उद्योग आपली उत्पादकता वाढवत नाही त्याची माणसे अशा वेळी दुसरीकडे जातात.

पायरी ५ : कामाचे मोल ठरवा, माणसाचे नव्हे

रास्त वेतनाचा अर्धा प्रश्न ‘किती’ हा असतो आणि उरलेला अर्धा ‘त्याला जास्त आणि मला कमी का’ हा असतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी प्रत्येक कामाचे मूल्यमापन करावे लागते. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती हे चार निकष घ्यावेत, प्रत्येकाला गुण ठरवावेत आणि गुण देणाऱ्या समितीत व्यवस्थापन, कामगार, स्त्रिया आणि पुरुष असे सर्व असावेत. समितीसमोर कामाचे वर्णन असावे, ते काम करणाऱ्याचे नाव नसावे.

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे अवजड वस्तू उचलण्याच्या श्रमाला भरघोस गुण आणि बोटांच्या बारीक कामाला, सतत लक्ष देण्याला किंवा रुग्णाच्या रागाला शांतपणे तोंड देण्याला शून्य गुण देणे. इंग्लंडमध्ये डॅगनम येथील फोर्ड कारखान्यात मोटारीच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी १९६८ मध्ये संप केला, तो याच कारणासाठी. त्यांचे शिवणकाम कमी कुशल कामाच्या श्रेणीत टाकले होते. संपानंतर त्यांचा दर पुरुषांच्या दराच्या जवळ आला आणि ब्रिटनमध्ये १९७० चा समान वेतन कायदा होण्याला त्या संपाने चालना दिली, पण त्यांच्या कामाला वरची श्रेणी मिळायला १९८४ मधला दुसरा संप लागला. समान मूल्याच्या कामाला समान वेतन हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १०० क्रमांकाच्या करारात १९५१ पासूनच होते. ते गुणांच्या तक्त्यात उतरवणे हेच खरे कठीण काम आहे.

मूल्यमापन झाल्यावर प्रत्येक श्रेणीतील स्त्री-पुरुषांच्या सरासरी वेतनाची तुलना करावी. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकतेच्या निर्देशात पाच टक्क्यांची खूण आहे : एखाद्या श्रेणीत तेवढा फरक असेल, त्याला निःपक्षपाती कारण देता येत नसेल आणि तो सहा महिन्यांत दुरुस्त झाला नसेल, तर कामगार प्रतिनिधींसह संयुक्त पाहणी करावी लागते. आपल्याला तो निर्देश लागू नसला तरी मोजपट्टी म्हणून तो चांगला आहे.

पायरी ६ : तळ वर गेला की वरच्या श्रेणी सांभाळा

किमान वेतन वाढल्यावर फक्त तळाच्या श्रेणीला वाढ देऊन हात झटकणे, ही मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत महाग पडणारी चूक आहे. समजा नवख्याला १००, कुशल कामगाराला ११२, पाच वर्षे झालेल्याला ११८ आणि मुकादमाला १३० मिळतात. कायद्याने तळ ११० झाला. केवळ तळ उचलला तर कुशल माणूस नवख्यापेक्षा फक्त दोनने पुढे राहतो. त्याने मिळवलेले कौशल्य एका रात्रीत मातीमोल होते, तो काही बोलत नाही, पण दोन महिन्यांत दुसरीकडे रुजू होतो. त्याच्या जागी येणारा नवखाच असतो, आणि तिसऱ्या पायरीतले अठ्ठावीस दिवस पुन्हा मोजावे लागतात. कुशल माणसाच्या बाबतीत तर ते अधिकच असतात.

सर्वांना दहा टक्के दिले तर श्रेण्या ११०, १२३, १३० आणि १४३ अशा होतात. अंतर टिकते, पण पगारबिल पूर्ण दहा टक्क्यांनी फुगते. सर्वांना सारखे दहा दिले तर ११०, १२२, १२८ आणि १४० होतात. मला व्यवहारात उतरती वाढ जास्त उपयोगी वाटली आहे : तळाला १०, पुढे ८, ७ आणि ६, म्हणजे ११०, १२०, १२५, १३६. अंतर थोडे आटते, पण प्रत्येक श्रेणीत काहीतरी वर जाण्यासारखे उरते आणि खर्चही आवाक्यात राहतो. आटलेले अंतर पुढच्या दोन वर्षांत कसे भरून काढणार, हे त्याच दिवशी लेखी सांगावे. तोंडी आश्वासन देऊ नये, कारण आश्वासन देणारा व्यवस्थापक बदलतो आणि कामगार ते विसरत नाही.

पायरी ७ : नगावर मजुरी असेल तर दराची तपासणी

नगावर मजुरी उद्योगाला आकर्षक वाटते, कारण उत्पादन नाही तर पैसे नाहीत. पण यंत्र बंद पडल्याचा, माल न आल्याचा आणि सदोष कच्च्या मालाचा धोका त्यातून संपूर्णपणे कामगारावर जातो. म्हणून येथे तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. कामगार कितीही नग करो, त्याच्या तासांचे किमान वेतन त्याला मिळालेच पाहिजे. वाट पाहण्याचा वेळ तासाच्या दराने द्यावा. आणि दर ठरवताना सर्वांत चपळ कामगाराचा वेग मापासाठी घेऊ नये.

तिसऱ्या मुद्द्यासाठी ब्रिटनमधली पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. तेथे रास्त दर काढताना कामगारांचा सरासरी वेग चाचणीने मोजतात आणि त्याला १.२ ने भागतात. सरासरी वेग तासाला १२ नग असेल तर १० नग हा आधार होतो, आणि तासाचे किमान वेतन त्या दहाने भागून एका नगाचा दर निघतो. यामुळे सरासरीपेक्षा किंचित संथ किंवा नवखा माणूसही किमान पातळी गाठतो आणि सरासरी वेगाच्या माणसाला त्याहून जास्त मिळते.

एकदा दर ठरला की उत्पादन वाढले म्हणून तो कापू नये. यंत्र किंवा पद्धत बदलली तरच नवी चाचणी घ्यावी, तीही कामगारांच्या प्रतिनिधीसमोर. दर कापला जाण्याचा अनुभव आलेला विभाग पुढे वर्षानुवर्षे ठरावीक आकड्यावरच थांबतो. सगळ्यांना तो आकडा माहीत असतो, कोणी तो ओलांडत नाही, आणि व्यवस्थापनाला मात्र आपल्या यंत्रांची खरी क्षमता कधीच कळत नाही.

पायरी ८ : कंत्राटी कामगार आणि पुरवठादार

स्वतःच्या पटावरच्या माणसांना नीट पगार देऊन तेच काम शेजारी कंत्राटी माणसाकडून निम्म्या पगारात करून घेणे, याला समतोल म्हणता येणार नाही. ठेकेदाराची निविदा स्वीकारण्यापूर्वी तिच्यातला मजुरीचा भाग वेगळा मागावा आणि लागणारी माणसे, तास, किमान वेतन, सुट्या आणि सामाजिक सुरक्षेचे हप्ते यांचा गुणाकार स्वतः करून पाहावा. निविदेची रक्कम या गुणाकारापेक्षा कमी असेल, तर उरलेला पैसा कोणाच्या खिशातून येणार हे उघड आहे, आणि अशी निविदा नाकारणे हीच खरेदी विभागाची जबाबदारी आहे. सार्वजनिक कंत्राटांत कामगारांच्या अटी घालण्याविषयी १९४९ सालीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ९४ क्रमांकाचा करार झाला. खासगी उद्योगानेही तोच नियम स्वतःला लावून घ्यायला हरकत नसावी. ठेकेदाराचे बिल मंजूर करताना मागच्या महिन्याचा पगार कामगारांच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा सोबत मागावा. आणि आपणही बिल वेळेवर द्यावे, कारण तीन महिने थकलेल्या बिलाचा पहिला फटका ठेकेदाराला बसत नाही, त्याच्या माणसांना बसतो.

पायरी ९ : बोलणी, आणि मंदीतला करार

वरच्या आठ पायऱ्यांतले आकडे कामगार प्रतिनिधींना दाखवूनच बोलणी सुरू करावीत. नफा, ऑर्डर, नगामागचा खर्च आणि बुडालेले तास हे सर्व त्यांच्यासमोर ठेवले, तर मागणीही बहुधा त्या चौकटीत येते. लपवले तर प्रत्येक आकडा संशयाचा होतो. युनियन नसेल तर गुप्त मतदानाने निवडलेली समिती असावी, मुकादमाने नेमलेली नसावी. ब्रिटनच्या लो पे कमिशनमध्ये कामगार, मालक आणि स्वतंत्र तज्ज्ञ अशा तीनही पार्श्वभूमींचे सदस्य समान संख्येने बसतात आणि सरकारला किमान वेतनाचा दर सुचवतात. लहान प्रमाणावर कारखान्यातही एखादा दोघांनाही मान्य असलेला बाहेरचा हिशेबनीस बसवता येतो.

ऑर्डर घटल्यावर काय करायचे, हेही चांगल्या दिवसांतच ठरवावे. माणसे कमी करण्याऐवजी सर्वांचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या वेतनाचा काही भाग सार्वजनिक निधीतून भरून द्यायचा, ही जर्मनीतील पद्धत २००९ आणि २०२० च्या मंदीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे असा निधी नसेल तर नफ्याच्या वर्षांत थोडी रक्कम वेगळी काढून ठेवता येते. करारात क्रमही लिहून ठेवावा : आधी ओव्हरटाइम बंद, मग वरिष्ठांचे बोनस, मग सर्वांचे तास, आणि त्यानंतरच नोकऱ्यांचा विचार. वेतनाचा तासाचा दर या क्रमात कुठेही नसावा.

पहिल्या वर्षी एवढे सगळे एकदम होणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत पहिली पायरी आणि बुडालेल्या तासांची नोंदवही, सहाव्या महिन्यापर्यंत नगामागचा खर्च आणि गळतीचा हिशेब, आणि वर्षअखेरीस मूल्यमापन समिती, असा वेग मला शक्य कोटीतला वाटतो. वाढ लागू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच चार आकडे काढावेत : किती जण सोडून गेले, किती नग बाद झाले, किती तास रिकामे गेले, आणि पगाराच्या खिडकीवर किती तक्रारी आल्या. चौथा आकडा शून्य असेल तर थोडे थांबून पाहावे. तक्रार नोंदवायला कामगारांना वेळ, जागा आणि माणूस मिळतो का, हे पगाराच्या दिवशी स्वतः त्या खिडकीशी उभे राहून तपासावे.